केन नदीकाठची क्रिओल घरं: आधी मजुरांच्या खोल्या पाहा, मग दिवाणखाना

ह्यूस्टन किंवा डॅलसला मुलांकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांची यादी साधारण ठरलेली असते. नासा, देऊळ, मॉल आणि फारच हौस असेल तर न्यू ऑर्लीन्स. लुइझियानातलं नॅकटिश हे गाव त्या यादीत नसतं. ते असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ह्यूस्टनहून गाडीनं साधारण साडेचार तास. गाव छोटं, शांत, नदीला चिकटून. पण खरं पाहण्यासारखं आहे ते गावाच्या दक्षिणेला, केन नदीच्या काठाकाठानं, कापसाच्या जुन्या मळ्यांत.

माझी नजर कुठली ते आधीच सांगते, म्हणजे माझी मतं कशी घ्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. माझी नोकरी गिरगाव, काळबादेवीतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेली. नकाशे काढायचे, टेकू लावून घ्यायचे, कुजलेल्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसून लाकूड किती आत गेलंय ते पाहायचं. त्यामुळे घर दाखवायला नेलं की माझे डोळे आधी जोत्याकडे जातात, मग छपराकडे, आणि झुंबराकडे सगळ्यात शेवटी. झुंबरं आणि चांदीचे काटे-चमचे बघायची ज्यांना आवड आहे त्यांना माझा क्रम उलटा वाटेल. तरी एकदा या क्रमानं पाहून बघा.

गावाबद्दल थोडक्यात. फ्रेंचांनी १७१४ मध्ये इथे ठाणं वसवलं, लुई ज्युशेरो द सां-दनी या माणसानं. म्हणजे न्यू ऑर्लीन्सपेक्षा चार वर्षं आधी. अमेरिकेनं १८०३ मध्ये फ्रान्सकडून जो अवाढव्य मुलूख विकत घेतला, त्यातली युरोपीयांची ही सगळ्यात जुनी कायमची वस्ती. तेव्हा समोरून रेड रिव्हर वाहायची, तिच्यावरून व्यापार चालायचा. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या नदीनं पात्र बदललं आणि जुनं पात्र मागे राहिलं. त्याला आता केन रिव्हर लेक म्हणतात. सुमारे ३५ मैल लांब, अरुंद, जवळजवळ न हलणारं पाणी. मोठी नदी दूर गेली आणि गावाचा व्यापार हळूहळू आटला. माझ्या मते जुनी घरं त्यामुळेच टिकली. जिथे जागेला भाव येत राहतो तिथे जुनं घर उभं राहणं किती कठीण असतं, हे गिरगावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

क्रिओल म्हणजे कोण, हा प्रश्न तिथे पहिल्याच दिवशी पडतो आणि त्याचं सरळ उत्तर मिळतं. वसाहतीत जन्मलेले, फ्रेंच बोलणारे, कॅथलिक लोक. त्यांत फ्रेंच आणि स्पॅनिश वंशाचे जमीनमालक आले, आफ्रिकी वंशाचे गुलाम आले, गुलामगिरीतून सुटलेली मिश्र वंशाची कुटुंबं आली, मूळ अमेरिकन रक्ताचे आले. एकाच प्रार्थनेला जाणारी ही माणसं कायद्यानं मात्र एकमेकांपासून तोडलेली होती. हे डोक्यात पक्कं ठेवलं नाही, तर पुढची घरं नुसती सुंदर दिसतात आणि आपण फोटो काढून परत येतो.

गावातल्या फ्रंट स्ट्रीटवर विटांचा रस्ता आहे, लोखंडी जाळीचे सज्जे आहेत, खाली दुकानं आहेत. तासाभरात पाहून होतं. नाताळच्या दिव्यांची इथे मोठी परंपरा आहे, १९२७ पासूनची. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून ६ जानेवारीपर्यंत नदीकाठ उजळलेला असतो आणि गर्दीही तशीच असते. गर्दी आवडत नसेल तर फेब्रुवारीत जा. फ्रेंच किल्ल्याची प्रतिकृती आहे, १९७९ मध्ये जुन्या आराखड्यांवरून बांधलेली. लहान मुलं बरोबर असतील तर चांगली. नसतील तर तो वेळ मळ्यांना द्या. एका हॉलिवूड चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं होतं, त्याच्या जागा दाखवणारे फेरफटके असतात. मी गेले नाही.

खाण्याचं एक सांगायलाच हवं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांची अडचण होते. नॅकटिश मीट पाय ही इथली ओळख, लुइझियाना राज्याच्या अधिकृत खाद्यपदार्थांत गणली जाते. आकार थेट करंजीचा, कडा तशाच मुडपलेल्या, तळणही तसंच. आत मात्र गोमांस आणि डुकराचं मांस, कांदा, ढोबळी मिरची, लसूण. आम्ही गोमांस खात नाही. लसियोन्स या १९६७ पासूनच्या जुन्या उपाहारगृहात जावयानं विचारलं, तर गोड्या पाण्यातल्या क्रॉफिशचा पाय मिळाला. कोळंबीची चव ज्याला आवडते त्याला तो नक्की आवडेल. कवच कुरकुरीत, आतलं सारण तिखट, आपल्या तिखटाच्या जवळ जाणारं. शुद्ध शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा. मळ्यांच्या बाजूला खायची दुकानं जवळजवळ नाहीतच.

आता ओकलंड.

केन रिव्हर क्रिओल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान १९९४ च्या कायद्यानं झालं. त्यात दोन मळे येतात, ओकलंड आणि मॅग्नोलिया. दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. ओकलंड गावापासून अर्ध्या तासाच्या आत. जॉं पिएर इमॅन्युएल प्रुडोम याला १७८९ मध्ये स्पॅनिश सरकारकडून (तेव्हा हा मुलूख स्पेनकडे होता) ही जमीन मिळाली. आधी तंबाखू आणि नीळ, मग कापूस. मोठं घर १८२१ मधलं, गुलामांनी बांधलेलं. त्यानंतर विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ही मालमत्ता त्याच घराण्यात राहिली, आणि म्हणून इथली छोटी छोटी बांधकामंही जागच्या जागी आहेत.

रस्त्यावरून आत शिरलं की सदाहरित ओकच्या दोन रांगा, मध्ये वाट, टोकाला घर. फुलझाडांच्या वाफ्यांना काचेच्या बाटल्या उलट्या पुरून कड केलेली. पाहुणे इथेच थांबून फोटो काढतात. मी घराखाली वाकून पाहिलं. घर विटांच्या खांबांवर उचललेलं आहे. खालून हवा खेळते, पुराचं पाणी आलं तर वरच्या लाकडापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि दमट हवेत लाकूड कोरडं राहतं. वर चारी बाजूंनी पडवी. छप्पर एकाच उतारात पडवीवर ओढलेलं, त्यामुळे भिंतीवर ना ऊन थेट पडतं ना पाऊस. आत मधला बोळ नाही. खोली खोलीत उघडते आणि खोल्या पडवीवर उघडतात. ज्यांनी कोकणातलं चांगलं घर पाहिलंय त्यांना या घराच्या शहाणपणाबद्दल काही समजावून सांगावं लागणार नाही. उष्ण, ओल्या मुलखात राहायचं तर असंच बांधावं लागतं.

भिंतींनी मात्र मला जागीच थांबवलं. सायप्रसच्या लाकडाचा सांगाडा, खांबांच्या मधे आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आणि त्यांच्यावर माती भरलेली. मातीत झाडांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस मिसळलेलं, कुठे कुठे जनावरांचे केसही. याला तिथे बूझियाज म्हणतात. मॉस आधी कुजवून, वरची साल काढून, आतला काळा चिवट धागा तेवढा घेत. एका ठिकाणी वरचा गिलावा काढून आतला थर दिसेल असा ठेवलाय. माझ्या माहेरी, राजापूरकडे, गोठ्याला कूड होता. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती, त्यात भाताचं तूस. तिकडे तूस तर इकडे मॉस. मातीला तडे जाऊ नयेत, सुकताना ती धरून राहावी, म्हणून तंतू घालायचा ही समज दोन्हीकडच्या हातांना होती. २०० वर्षांनी ती भिंत उभी आहे. आमच्या साइटवर माती म्हटलं की इंजिनिअर नाक मुरडत आणि जुन्या भिंतीवर सिमेंट थापायला सांगत. सिमेंट ओल आत कोंडतं, लाकूड आतून कुजतं, दहा वर्षांत तुळई जाते. इथे दुरुस्ती करताना मूळचीच पद्धत वापरायचा आग्रह दिसतो. जुन्या वास्तूंच्या जतनाचं तंत्र शिकवणारं अमेरिकेचं राष्ट्रीय केंद्रही याच नॅकटिश गावात आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

घरातल्या खोल्या पाहा, पण तिथे अडकू नका. ओकलंडचा खरा ऐवज मागच्या अंगणात आहे. दोन कबुतरखाने आहेत, लाकडी, चौकोनी, उंच. कबुतरं धान्य टाकायला नव्हे, तर पिलं खाण्यासाठी पाळत, आणि दारात कबुतरखाना असणं हे जमीनदाराच्या प्रतिष्ठेचं लक्षण होतं. धान्याचं कोठार आहे, लाकडाचे ओंडके टोकांना खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. तो सांधा मी हातानं चाचपून पाहिला. ज्या सुतारानं तो केला तो गुलाम होता, आणि त्या सांध्यात आजही सुरीचं पातं शिरणार नाही. खेचरांचा गोठा आहे, मुकादमाचं घर आहे, स्वयंपाकिणीची खोली आहे. आणि गुलामांच्या खोल्या, ज्यांत अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, गुलामगिरी संपल्यावर, अर्धेलीनं शेती करणारी कुळं राहिली.

इथे माहिती देणाऱ्या उद्यानाच्या कर्मचारी बाईंनी गोष्ट जिथून सुरू केली ती जागा मला पटली. आधी त्यांनी राबणाऱ्यांबद्दल सांगितलं, मग मालकांबद्दल. कोण लोहार होता, कोण स्वयंपाक करी, स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांचं काय झालं. बरोबरच्या एका काकांनी विचारलं, गुलामगिरी संपल्यावर ही माणसं निघून का गेली नाहीत? बाईंनी बोटानं दुकान दाखवलं.

मळ्याचं दुकान रस्त्याच्या कडेला आहे. यादवी युद्धानंतर ते सुरू झालं आणि १९८३ पर्यंत चाललं. पीक येईपर्यंत कुळांनी इथूनच उधारीवर पीठ, तेल, कापड, औजारं घ्यायची. हंगाम संपला की मालक हिशेब करणार. कापसातला वाटा उधारीत जायचा, पुष्कळदा उरलेलं कर्ज पुढच्या वर्षाच्या पानावर चढायचं. मी त्या दुकानात बराच वेळ उभी होते. फळ्या, गल्ला, टपालाचे कप्पे. गुलामगिरीच्या साखळ्या मी पुस्तकांतून पाहिल्या होत्या. कायद्यानं मोकळ्या झालेल्या माणसाला शंभर वर्षं त्याच जमिनीवर धरून ठेवणारी उधारीची वही कशी चालते, ते इथे समजलं. मुलांना घेऊन जाणार असाल तर मोठ्या घरापेक्षा या दुकानात त्यांना जास्त वेळ द्या.

मॅग्नोलिया आणखी दक्षिणेला. इथलं मोठं घर खासगी आहे, आत जाता येत नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही. मूळ घर १८६४ च्या वसंतात, यादवी युद्धातल्या रेड रिव्हरच्या मोहिमेतून माघार घेणाऱ्या उत्तरेच्या फौजेनं जाळलं. आत्ता दिसतं ते नंतर बांधलेलं. पाहायचं ते शेतातली मजुरांची विटांची आठ घरं आणि सरकी काढण्याचं कोठार. गुलामांच्या खोल्या बहुतेक ठिकाणी लाकडाच्या असत, म्हणून त्या कुजून, जळून गेल्या. इथे विटांच्या होत्या म्हणून उरल्या. प्रत्येक घरात दोन खोल्या, मध्ये सामायिक धुराडं, आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहताना ज्यांनी पाहिलीत, त्यांना क्षेत्रफळाचं नवल वाटणार नाही. पण चाळीतला माणूस खोली सोडून जाऊ शकत होता. या खोल्यांतली माणसं विकली जाऊ शकत होती.

कोठारात कापूस दाबायचं अवाढव्य लाकडी मळसूत्र उभं आहे. खेचरं गोल फिरवायची, मळसूत्र खाली उतरायचं, कापूस दाबून गाठ बांधली जायची. शेजारी वाफेवर चालणारी नंतरची यंत्रं आहेत. एली व्हिटनीनं १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आणलं. त्यामुळे कष्ट कमी व्हायला हवे होते, झालं ते उलटंच. सरकी झटपट निघू लागली, कापूस भरपूर फायद्याचा झाला, लागवड वाढली आणि वेचायला गुलामांची मागणी वाढत गेली.

त्या मळसूत्रासमोर मला सतत मुंबई दिसत होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं रोखली गेली, या कोठारातून निघणारा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. मग गिऱ्हाईक इकडे वळलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरातून जहाजं भरभरून गेला. चार वर्षांत शहरात इतका पैसा आला की लोकांना तो ठेवायचा कुठे ते कळेना. बँका निघाल्या, बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव आभाळाला भिडले. कापसाचे आणि शेअरचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचं नाव त्याच काळात घराघरात पोचलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि एका पावसाळ्यात अर्धी मुंबई धुऊन निघाली. याच काळात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून आपलं आजचं फोर्ट उभं राहत गेलं. प्रेमचंदशेठ बुडाले, पण त्यांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला.

हे सगळं मला आधी माहीत होतं. शाळेत शिकले होते, फोर्टात काम करताना ऐकलं होतं. तरी मॅग्नोलियाच्या कोठारात उभं राहिल्यावर त्याचं वजन वेगळं लागलं. ज्या कापसाच्या टंचाईनं माझं शहर श्रीमंत झालं तो या मळसूत्राखाली दबत होता आणि समोरच्या आठ घरांतली माणसं तो वेचत होती. मुंबईकर म्हणून नॅकटिशला जायचं माझ्या दृष्टीनं हे पहिलं कारण. ओकची झाडं दक्षिणेत सगळीकडे मिळतात.

मेलरोझ हा तिसरा मळा, गावातल्या जतन संस्थेकडे आहे आणि तिथे तिकीट आहे. ते जरूर काढा. इथली गोष्ट सरळ नाही, आणि ती ऐकायला पूर्ण सकाळ द्यावी. मारी तेरेज क्वांक्वां ही १७४२ मध्ये, गाव वसवणाऱ्या त्याच सां-दनीच्या घरात गुलाम म्हणून जन्मली. पुढे क्लोद तोमा पिएर मेटॉयर या फ्रेंच व्यापाऱ्याबरोबर ती राहिली, त्यांना दहा मुलं झाली. त्यानं १७७८ मध्ये तिला मुक्त केलं. मिळालेल्या जमिनीवर तिनं तंबाखू लावला, अस्वलं मारून चरबी विकली आणि साठवलेल्या पैशातून आपली मुलं, नातवंडं एकेक करून सोडवली. मेलरोझ तिनंच बांधलं असं पूर्वी सांगत. कागदपत्रांनी दाखवलं की ही जमीन १७९६ मध्ये तिचा मुलगा लुई मेटॉयर याला मिळाली होती. आणि पुढचा भाग, जो ऐकून माझ्या लेकीनं माझा हात धरला: हे मेटॉयर कुटुंब आफ्रिकी रक्ताच्या स्वतंत्र लोकांमधलं अतिशय श्रीमंत घराणं झालं, आणि त्यांनी स्वतःही गुलाम ठेवले. तिथे हे लपवत नाहीत. क्वांक्वांबद्दल माझा आदर कमी झाला नाही. मात्र तिला देवी करून मखरात बसवायची सवय माझ्या मनातून गेली.

बांधकाम म्हणून मेलरोझमधली सगळ्यात विलक्षण वास्तू म्हणजे आफ्रिकन हाउस. खाली विटा, वर लाकूड, आणि छपराच्या वळचणी भिंतीपासून इतक्या पुढे आलेल्या की खाली माणसांची पंगत बसेल. आधाराला खांब नाहीत. सगळा भार आतल्या लाकडी बांधणीवर. मी तिथे बसून त्याचा छेद कागदावर काढला, आणि वासे आत कुठपर्यंत नेलेत ते कळेपर्यंत उठले नाही. ते आफ्रिकी घरासारखं आहे की फ्रान्समधल्या कोठारासारखं, यावर जाणकारांत वाद आहे. वाद राहू दे, सुतारकाम पाहा.

वरच्या मजल्यावर क्लेमेंटीन हंटर यांची भित्तिचित्रं आहेत, १९५५ मधली. ही बाई याच मळ्यावर कापूस वेचायची, मग मोठ्या घरात स्वयंपाक करायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. पन्नाशीच्या आसपास असताना, एका पाहुण्या चित्रकर्तीनं मागे टाकलेले रंग घेऊन तिनं चित्रं काढायला सुरुवात केली, आणि मग जवळजवळ मरेपर्यंत, १९८८ पर्यंत, थांबली नाही. कापूस वेचणाऱ्या बायका, धुणं वाळत घालणं, बाप्तिस्मा, लग्न, मयत, शनिवार रात्रीची मारामारी. मळ्याचं आयुष्य मालकांनी पत्रांतून आणि हिशेबांतून लिहून ठेवलंय. राबणाऱ्यांच्या बाजूनं ते असं रंगांत दुसऱ्या कुणी मांडलेलं मी पाहिलेलं नाही. १९५५ मध्ये तिथल्याच कॉलेजात तिचं प्रदर्शन भरलं, तेव्हा काळी म्हणून तिला गोऱ्या प्रेक्षकांबरोबर आत येता आलं नाही. सुट्टीच्या दिवशी मागून नेऊन तिला तिचीच चित्रं दाखवावी लागली. त्याच संस्थेनं १९८६ मध्ये तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या चित्रांसमोर मला रडू आलं, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

वाटेत आयल ब्रेव्हेलचं सेंट ऑगस्टीन चर्च लागतं. क्वांक्वां आणि मेटॉयर यांचा थोरला मुलगा ऑगस्टिन मेटॉयर याच्या पुढाकारानं उभं राहिलेलं, स्वतंत्र क्रिओल लोकांनी स्वतःसाठी बांधलेलं देऊळच म्हणा ते. त्या घराण्यांचे वंशज आजही आसपास राहतात, रविवारी प्रार्थनेला येतात. दफनभूमीतल्या दगडांवर मेटॉयर हे नाव पुन्हा पुन्हा दिसतं. तिथे पर्यटक म्हणून वावरू नका. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

याच्या उलट अनुभवही आला, तो सांगायला हवा. नदीकाठच्या एका जुन्या घरात (नाव लिहीत नाही) फेरी घेणाऱ्या गृहस्थांनी पडद्यांचं कापड, आरशांची चौकट आणि खुर्च्यांचं मूळ गाव यांवरच वेळ घालवला. विटा कुठे भाजल्या आणि कोणी, असं मी विचारलं, तर ते पुढच्या खोलीत गेले. घर सुंदर होतं. पण कष्टाची बाजू गाळली की घराची अर्धी माहिती जाते, अगदी बांधकामाचीसुद्धा. विटेवर बोटांचे ठसे असतात. ते कुणाचे, हे विचारल्याशिवाय वीट पाहून होत नाही.

जुनी घरं टिकतातच असंही नाही. याच नदीकाठी क्लुटिएव्हिलला एका लेखिकेचं घर संग्रहालय म्हणून जपलं होतं. २००८ मध्ये ते जळून गेलं. लाकूड आणि मॉस-मातीचं घर एका रात्रीत जातं.

गिरगावात खोताची वाडी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, पुढे पडवी, ईस्ट इंडियन कुटुंबं. तिथेही कॅथलिक समाज, तिथेही परकी सत्ता आणि इथली माती यांतून घडलेली घरं. वाडीत एके काळी ६५ घरं होती असं सांगतात. आता निम्मीही उरलेली नाहीत. पाहुणे येतात, रंगीत खिडक्यांचे फोटो काढतात आणि जातात. त्यांना तिथे बसवून कोणी सांगत नाही की ही जमीन खोतांकडून कशी आली, लाकूड कुठून आलं, सुतार कोण होते, आत राहणाऱ्याला आज दुरुस्तीला किती खर्च येतो. आणि गिरणगावच्या चाळींचं तर बोलायलाच नको. ज्या खोल्यांतून या शहराचं सूत निघालं, त्यांतली एक तरी खोली, तिच्या वाण्याच्या उधारीच्या वहीसकट, ओकलंडच्या दुकानासारखी जागच्या जागी दाखवता आली पाहिजे. कोणी मनावर घेतलं तर टेकूपासून कोब्यापर्यंतचं काम मी बिनपैशात बघून देईन, हे अगदी मनापासून लिहिते आहे.

जाणाऱ्यांसाठी. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, मळ्यांकडे दुसरं वाहन जात नाही. उन्हाळ्यात जाऊ नका. मुंबईच्या मे महिन्याला कंटाळून गेलेल्यांना तिथला जुलै झेपणार नाही, आणि पाण्याकाठी डास भरपूर. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. मोठ्या घरांच्या आत जायच्या वेळा ठरलेल्या असतात आणि बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. गुडघे दुखत असतील तर ओकलंडचं अंगण सपाट आहे, पण घराला पायऱ्या आहेत आणि आफ्रिकन हाउसचा जिना अरुंद. पायात बंद बूट असू द्या, मॅग्नोलियाकडे गवत असतं. दोन रात्री मुक्काम ठेवलात तर पहिला दिवस ओकलंड आणि मॅग्नोलिया, दुसरी सकाळ मेलरोझ, वाटेत चर्च, मग गावात संध्याकाळ. एकच अर्धा दिवस हाताशी असेल तर बाकी सगळं सोडा आणि ओकलंडला जा. दुकान, मग कुळांच्या खोल्या, मग कोठार, मग मोठं घर, याच क्रमानं.